सम आकड्यांची बारा चित्रं

९ जानेवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण माझा गुडघा हल्ली खाली गेला की वर यायला वाटाघाटी करतो. म्हणून उभ्यानेच. तेवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट उलटसुलट करशील, फाडायचं ठरवशील आणि त्याआधी चष्मा शोधशील. तेवढ्या अवधीत मुद्दा सांगून टाकतो. आपल्या चित्रपटातल्या बदकबाईच्या चालीची सम आकड्यांची बारा चित्रं तुझ्याकडे आहेत. दोन, चार, सहा, थेट चोवीसपर्यंत. विषम बारा माझ्याकडे आहेत. तुझी मला हवी आहेत.

झालं. आता फाडलंस तरी चालेल. न फाडलंस तर बरं, कारण पुढे मी तुझी बरीच स्तुती करणार आहे.

आधी हालहवाल. तुझा धाकटा भाऊ मास्तर झाला आहे. हसून घे. चित्रकलेच्या कॉलेजात आठवड्यातून दोनदा ‘ॲनिमेशनच्या तंत्रांचा इतिहास’ शिकवतो. मला नेमलं ते ज्ञानामुळे नव्हे, वयामुळे. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः हाताने चित्रं काढायचात?” मी म्हटलं, “हो, त्या काळी पायाने काढायची सोय नव्हती.” तरी घेतलं. मुलांच्या दृष्टीने मी आणि इतिहास यांत फारसा फरक नाही. एक जण परवा मला विचारत होता, “सर, तुमच्या वेळी रंग होते का?”

आपला स्टुडिओ बंद झाल्याचं तुला कळलंच असेल. इमारत रिकामी करताना मला बोलावलं होतं, काही हवं असेल तर न्या म्हणून. आपण दोघं बारा वर्षं ज्या खोलीत शेजारीशेजारी बसलो, तिथे काचेची उजेडाची टेबलं भिंतीला लावून उभी केली होती. तुझ्या टेबलावरची, कागद अडकवायच्या खुंट्यांची पट्टी अजून घट्ट होती. माझी हलत होती. तू म्हणायचीसच, “तुझी बदकं थरथरतात कारण तुझ्या खुंट्या ढिल्या, आणि खुंट्या ढिल्या कारण तू डुलत पाठांतर करतोस.” बदकबाईच्या चित्रपटाची रिळांची डबीही मिळाली. उघडली तर सिरक्याचा भपकारा. फिल्मचे वेढे आतल्या आत आंबून एकमेकांना चिकटले आहेत. आता तो वड्यांचा डबा आहे, चित्रपट नाही. रंगवलेले सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे तर आपणच धुऊन पुढच्या चित्रपटाला वापरले होते. म्हणजे बदकबाईची चाल आता फक्त कागदावर उरली. निम्मी माझ्याकडे, निम्मी तुझ्याकडे.

तू विचारशील, आत्ताच का. सांगतो. माझ्याकडे आईचे एकोणीस फोटो आहेत. मोजले. खुर्चीत बसलेली, खिडकीशी उभी, कुणाच्या तरी लग्नात कुणाच्या तरी खांद्यामागे, तुझ्या बक्षीससमारंभात डोळे मिटलेली. एकोणीसही फोटोंत ती थांबलेली आहे. मागच्या महिन्यात रस्त्यात एक बाई पाय ओढत पुढे गेली आणि मी जागीच उभा राहिलो. आईचा पाय आधी बाहेर वळायचा की आधी टाच घासायची, हे मला आठवेना. विभक्त्या आठवतात, सगळ्या. तेवढं आठवेना.

पोस्टाचा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. चित्रं दुमडू नकोस, हे तुला सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. केलाच.

तुझा,
शास्त्रीबुवा
(हे नाव तूच ठेवलं होतंस. दुसऱ्या कुणी वापरलं नाही, त्यामुळे नव्यासारखं आहे.)


३० जानेवारी

ती. ताई,

मौन म्हणजे संमती, असं अण्णांनी आपल्याला शिकवलं. अण्णांना तुझ्या मौनाचा अनुभव नव्हता. सकाळी न्याहारीच्या आधी ते आपल्याला धातू म्हणायला बसवायचे, तेव्हा मी म्हणायचो आणि तू वहीच्या कोपऱ्यात माझं चित्र काढायचीस. पानं फर्रकन सोडली की माझं तोंड उघडायचं आणि मिटायचं. ते बघून अण्णा म्हणाले होते, “हा पाठ करतोय आणि ही त्याला पाठ करतेय.” इतिहासाच्या तासाला मी हेच उदाहरण देतो. तू माझ्या अभ्यासक्रमात आहेस.

या आठवड्यात आम्ही फिरत्या चकतीपाशी आहोत. दोन्ही बाजूंना चित्रं, कडेला दोन दोऱ्या, पीळ देऊन सोडलं की पिंजरा आणि पक्षी एक होतात. मुलांना वाटलं होतं की ही पोरकट गोष्ट आहे. मग प्रत्येकाने एक केली आणि तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. आपण औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची केली होती. एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मिशा. आईने ती दिवसभर फिरवली आणि अण्णा आले की पाठीमागे लपवली. पुढच्या आठवड्यात फटींचा ढोल घेणार, फिरवला की फटींतून आतली चित्रं धावताना दिसतात तो. मग कागदी बाहुल्या, मग पारदर्शक पत्रे आणि मग रोटोस्कोप. त्या शब्दापाशी मी काय करणार, अजून ठरलं नाही.

कारण आपल्या दोघांचं भांडण तिथलं आहे. मुलांना मी व्याख्या सांगेन: जिवंत माणसाची हालचाल आधी कॅमेऱ्याने टिपायची, मग एकेक चौकट काचेवर पाडून तिच्यावरून चित्र गिरवायचं. शंभर वर्षांची जुनी, साधी, उपयोगाची रीत. माझ्या हातून तिचं काय झालं ते परीक्षेला नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. एकदा माझ्या बाजूने कागदावर यावं.

बदकबाई चालत नव्हती. मुलांच्या चित्रपटातली अकडू मास्तरीण, गुबगुबीत, तोऱ्यात शाळेत शिरणारी, आणि ती चालतच नव्हती. चार आठवडे तू काढत होतीस आणि फेकत होतीस. मोठे साहेब रोज संध्याकाळी दारात उभे राहून म्हणायचे, “बाई, तुमचं बदक चालत नाहीये. सरकतंय.” तू त्यांना म्हणालीस, “साहेब, तुम्ही जरा चालून दाखवा, मी तसंच काढते.” सगळी खोली खाली मान घालून हसली. पण त्या रात्री तू जेवली नाहीस हे मला माहीत होतं. संस्कृत कवींनी सुंदर बाईच्या चालीला हंसाची उपमा देऊन ठेवली आहे. माझी खात्री आहे, त्यांच्यापैकी एकानेही हंसाला जमिनीवर चालताना पाहिलं नव्हतं. पाण्यातला राजा, काठावर आला की मोठ्या माणसाच्या चपला घातलेलं पोर.

आईला अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा सात महिने झाले होते. उजवा पाय मागे राहायचा. मी स्टुडिओतला छोटा कॅमेरा घरी नेला, दाराबाहेरच्या लांब व्हरांड्यात आईला चालायला सांगितलं, आणि तू मोठ्या साहेबांबरोबर बाहेरगावी गेलीस त्या तीन दिवसांत ती चाल गिरवून काढली. खाली निळ्या पेन्सिलीने आई, वर काळ्याने बदक. मग निळं खोडून टाकलं. बारा चित्रं, एकाआड एक.

तू परत आलीस, बारा पानं बोटांत धरून सोडलीस, आणि खुर्चीवरून उठलीस. “कुठून आणलीस रे ही?”

“डोक्यातून.”

“तुझ्या डोक्यात विभक्त्यांशिवाय काही असतं?” आणि मग, “आण इकडे. मधली मी काढते.”

उलटी गंगा. मुख्य चित्रं नेहमी तुझी असायची आणि मधली माझी. त्या दिवशी तू माझ्या चित्रांच्या मधली काढायला बसलीस आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून पाहत होतो. मला तेव्हा बोलता आलं असतं. सम बारा पूर्ण व्हायला तुला दोन दिवस लागले. दोन दिवस मी चहा आणून देत होतो.

मी नंतर तुला सांगितलं की आईला विचारूनच केलं, तिची हरकत नव्हती. तू आईलाही विचारलंस. तिनेही तेच सांगितलं. तेवढं तरी माझ्या बाजूने धर.

चित्रं पाठव, ताई.

तुझा,
शा.


१८ फेब्रुवारी

ती. ताई,

अजून तुझं काही नाही. पोस्टमन मला टाळायला लागला आहे. काल दुरूनच मान हलवून गेला.

तू पाठवत नाहीस म्हणून मी चोरीचा विचार केला. तुझ्या घरात शिरण्याचा नाही, तेवढा गुडघा साथ देत नाही. आमच्या शेजारच्या वर्गात संगणकावरचं ॲनिमेशन शिकवणाऱ्या मॅडम आहेत. तिशीतल्या, हुशार, माझ्याशी मोठ्याने बोलतात, कारण मला ऐकू येत नसणार असं त्यांनी गृहीत धरलंय. त्यांना माझी बारा पानं दाखवली. त्या म्हणाल्या, “अहो सर, एवढंच ना? मधली मशीन काढेल. चहा येईपर्यंत होतं.”

खरंच झालं. बारा पानं यंत्रात गेली, मॅडमनी दोन-चार कळा दाबल्या, आणि चहावाला यायच्या आत पडद्यावर चोवीस चित्रं सलग चालायला लागली. कुठेही थरथर नाही, अडखळ नाही. बदकबाई व्हरांड्यातून नव्हे, लोण्यावरून चालत होती. मॅडम माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, शाबासकीसाठी. मी म्हटलं, “फारच छान.” मग बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

ताई, मशीनने आईचा पाय बरा केला.

काय झालं ते तुला एका ओळीत कळेल, मॅडमना सांगायला मला अर्धा तास लागला. तेरा आणि पंधरा यांच्या बरोबर मधे चौदा असतं, असं गणित म्हणतं. मशीनही तेच म्हणते. तू चौदा काढलंस ते तेराला चिकटून. पाय जमिनीला धरून ठेवलास, उशीर केलास, आणि पंधराव्याला एकदम सोडलास. ती ओढ माझ्या गिरवलेल्या चित्रांत नाही. मी कॅमेऱ्यावरून एकाआड एकच उचललं होतं, ओढ सुटून गेलेली. तू ती चाल गिरवली नव्हतीस. तुला माहीतही नव्हतं कुणाची आहे. तरी तुझ्या पेन्सिलीने ती नेमकी जिथे होती तिथे परत ठेवली. सात महिने रोज सकाळी तू त्या पायांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकत होतीस. हाताला ठाऊक होतं, तुला नव्हतं.

मी स्वतः चौदा काढून पाहिलं. सात वेळा. सातही वेळा थरथरणारं बदक आलं.

तू म्हणशील, आईच्या चालण्याची मूळ फिल्म कुठे आहे. ती नाही. सांगतो.

थिएटरात आई आपल्या दोघांच्या मधे बसली होती. बदकबाई शाळेच्या फाटकातून आत आली आणि पहिल्या रांगेतली पोरं अशी हसली की एकाच्या हातातली पिशवी खाली पडली. मग सगळं थिएटर. मोठे साहेब मागून तुझ्या खांद्यावर थाप मारून गेले. तू हसत होतीस, ताई, मी तुला तसं हसताना त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. आई वाकून तुला म्हणाली, “ही माझीच चाल की गं.”

एवढंच. रागाने नाही. ओळखीचं माणूस दिसावं तशी. मग तू आईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलंस.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी ते व्हरांड्याचं रीळ कात्रीने बोटभर-बोटभर कापून स्टुडिओच्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं. लाज वाटली म्हणून. लाजेला पुरावा नको होता. आज त्या पिंपातून एक बोटभर तुकडा मिळाला तरी मी आनंदाने वेचीन.

महिन्याने तू गेलीस, सम बारा घेऊन. मुख्य चित्रकर्तीने नोकरी सोडताना आपली चित्रं नेऊ नयेत असा स्टुडिओचा नियम होता. पण मोठ्या साहेबांचीही तुला अडवायची हिंमत झाली नाही.

इतिहासात आम्ही आता पारदर्शक पत्र्यांपर्यंत आलो. मुलांना सांगितलं की रंग मागच्या बाजूने भरायचे, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ दिसते. एका मुलीने विचारलं, “मग मागची बाजू कशी दिसायची?” मी म्हटलं, डाग पडल्यासारखी. मागून कुणी बघत नाही, म्हणून.

तुझाच.


४ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते दारात वाचून दाखवलं, मला न विचारता. दोन महिन्यांत त्याचाही तेवढा हक्क झाला आहे.

“पाठवणार नाही. तुझी बारा घेऊन तू इकडे ये.”

एकूण आठ शब्द. तेवीस वर्षांचा हिशोब काढला तर एकेका शब्दाच्या वाट्याला जवळजवळ तीन वर्षं येतात. अण्णांच्या सूत्रकारांनाही इतकी काटकसर जमली नसती.

येणं अवघड आहे. एक तर कॉलेजात या महिन्यात परीक्षा. दुसरं, मी एकट्याने लांबचा प्रवास केलेला नाही; मागच्या वेळी दोन स्टेशनं पुढे उतरलो होतो आणि एका अनोळखी गृहस्थाने मला घरी नेऊन जेवू घातलं. तिसरं, गुडघा. चौथं, तुझ्याकडे कुत्रा आहे असं ऐकलं. तू आपली पार्सलने पाठव. नीट बांधलीस तर काही होत नाही. मी दोन दिवसांत फोटो काढून परत करतो, शब्द देतो.

शास्त्रीबुवा

ता.क. कार्डावरचं अक्षर थोडं हललेलं वाटलं. हात बरा आहे ना?


१५ मार्च

ताई,

मागच्या पत्रातली चारही कारणं म्हणजे नुसत्या सबबी. परीक्षा पुढच्या महिन्यात आहेत. कुत्र्याचं मी मनाने रचलं.

तिकीट काढलं आहे. पण तुझ्या टेबलावर चोवीस पानं एकत्र येण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि ती तुझ्यासमोर बसून मला सांगता येणार नाही. तू चहा ठेवशील आणि मी काहीतरी विनोद करीन; तेवीस वर्षांपूर्वी तुला चहा देत दोन दिवस मी असेच घालवले होते. म्हणून लिहितोय.

आईची हरकत नव्हती, हे मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. मी तिला विचारलंच नाही. मी तिला सांगितलं की डॉक्टरांना तिची चाल पाहायची आहे.

तिने आत जाऊन केस विंचरले. चांगले कपडे घातले. घरातल्या सपाता काढून बाहेरच्या चपला घातल्या. “भिंत न धरता चालते हे दिसेल ना त्यांना?” मी म्हटलं, दिसेल. एकदा चालली, मनासारखं झालं नाही. दुसऱ्यांदा मधेच तोल गेला. “थांब, हे दाखवू नकोस.” तिसऱ्यांदा ती दारापासून खिडकीपर्यंत गेली, न थांबता, आणि वळून म्हणाली, “हे चांगलं झालं. हेच दाखव.”

तेच दाखवलं.

दोन दिवसांनी तिने विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?” मी म्हटलं, “खूप सुधारणा आहे म्हणाले.” तेव्हापासून ती रोज सकाळी व्हरांड्यात वीस फेऱ्या घालायला लागली. तुला वाटायचं, आईने मनावर घेतलंय. तू तिचं कौतुक केलंस, मला आठवतं. थिएटरातून आलो, त्यानंतर तिने फेऱ्या घातल्या नाहीत. डॉक्टरांचं परत कधी काढलं नाही.

मग तू तिला विचारायला गेलीस. मी दाराआड उभा होतो. “तू त्याला हो म्हणालीस?” आणि आई म्हणाली, “हो. मीच म्हटलं, घे माझी चाल.” तू म्हणालीस, “तुला काही वाटलं नाही, आई? आणि मला अंधारात ठेवलंत दोघांनी.” ती म्हणाली, “पोरं हसली ना? मग झालं तर.”

त्या ‘दोघांनी’ची किंमत तू अकरा वर्षं तिच्याकडून वसूल केलीस. वाढदिवसाला चार ओळींचं कार्ड, बाकी काही नाही. मी पाहत होतो. ती ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचायची आणि पुढचं येईपर्यंत काढायची नाही. तिच्या शेवटच्या आजारात तू तीन दिवसांसाठी आलीस, तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. तू शेजारच्या काकूंना सांगायचीस, “त्याला सांगा, चहा झालाय,” आणि मी हाताच्या अंतरावर बसलेला असायचो. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

मी आईला एकदा विचारलं होतं. तू गेलीस त्याला वर्ष झालं असेल. “ताईला खरं का नाही सांगितलंस?” ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तिच्या हातात विद्या आहे. ती कुठेही जाईल, कुणीही तिला मानाने ठेवेल. तिने तुला टाकलं असतं तर तू कुठे गेला असतास?” आणि मग, “आणि तिला कळलं असतं की मी डॉक्टरांसाठी चालत होते, तर तिने परत पेन्सिल धरली नसती.”

तिचं दुसरं म्हणणं खरं असेल तर मी आत्ता तुझं मोठं नुकसान करतो आहे. पण राग चुकीच्या माणसावर ठेवून तू एकोणसाठ वर्षांची झालीस, आणि ज्याच्यावर ठेवायचा तो तुला पत्रांतून विनोद पाठवतोय, हे आता मला सोसत नाही. आईने काहीच केलं नव्हतं, ताई. तिने फक्त नीट चालायचा प्रयत्न केला.

वर्गात रोटोस्कोपचा तास काल झाला. व्याख्या सांगितली, तारीख सांगितली, रीत काचेवर करून दाखवली. मग एकाने विचारलं, “सर, ज्याच्यावरून गिरवतात, त्या माणसाचं नाव येतं का चित्रपटात?” मी सांगितलं, बहुतेक येत नाही. घंटा व्हायला वीस मिनिटं होती. मी तास सोडला.

पानं पुठ्ठ्यात घालून बांधली आहेत. बांधताना सतरावं हातात राहिलं. बदकबाई दर दोन पावलांनी मान उंच करते, तुला आठवत असेल. थिएटर सगळ्यात जास्त तिथेच हसायचं. मोठे साहेब म्हणाले होते, “काय तोरा आहे!” तू मला विचारलं होतंस की हा तोरा कसा सुचला, आणि मी म्हणालो होतो, अकडू मास्तरणी असतातच अशा.

तो तोरा नाही. ती कॅमेऱ्याकडे पाहत होती. डॉक्टरांना आपला चेहरा नीट दिसावा म्हणून.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. माझी गाडी शनिवारी दुपारी चारला पोचते. मी स्टेशनवरून थेट तुझ्या दाराशी येईन आणि एकदाच घंटा वाजवीन. दार उघडलं नाहीस तर विषम बारा पायरीवर ठेवून जाईन. ती तुझ्याकडेच असायला हवीत, चौदा तुलाच काढता येतं. उघडलंस तर मी काही बोलणार नाही, तू पानं लाव.

गुरुवार ते शनिवार, मधले दोन दिवस तुझे.

तुझा भाऊ